'थोडा मंद आहे' याऐवजी काय सांगायचं? विकासात्मक दिव्यांग व्यक्तींशी बोलणं आणि त्यांना लागणारी मदत नेमकी मांडणं

शाळेत नाव घालताना, दवाखान्यात केसपेपर काढताना किंवा पाहुण्यांना ओळख करून देताना 'पोरगं थोडं मंद आहे' एवढंच सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला त्यातून कामाचं काहीच मिळत नाही. त्याच मुलाबद्दल 'एका वेळी एकच गोष्ट सांगा, लगेच करतो. दोन सांगितल्या तर दुसरी राहून जाते. शिट्टी वाजली की कान झाकतो. लघवीला जायचं असलं की पँट ओढतो' असं सांगितलं, तर बाईंना पहिल्या दिवसापासून त्याला वर्गात सामावून घेता येतं. असं बोलणं आणि लिहिणं कसं जमवायचं, ते इथे सांगितलं आहे. घरच्यांना ते लागतंच. अंगणवाडी सेविका, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, दवाखान्यातले कर्मचारी यांनाही लागतं.

विकासात्मक दिव्यांगत्व म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळात, जन्माआधी, जन्मताना किंवा लहानपणी सुरू होणारं आणि आयुष्यभर सोबत राहणारं दिव्यांगत्व. बौद्धिक दिव्यांगत्व (समजायला, शिकायला जड जाणं), ऑटिझम (संवादाची आणि जग जाणवण्याची वेगळी पद्धत), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर आणि स्नायूंवर ताबा कमी असणं), डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक जादा गुणसूत्र असणं) हे त्यातले नेहमी भेटणारे प्रकार. अभ्यासातल्या विशिष्ट अडचणीही, म्हणजे वाचन, लेखन, गणित यांपैकी एखादीच गोष्ट जड जाणं, याच गटात येतात. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट आहे. तो कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दोन्हींची सरमिसळ झाली की घरचे वर्षानुवर्षं चुकीच्या दारात फिरत राहतात.

शब्द: कोणते सोडायचे, कोणते धरायचे

'येडं', 'खुळं', 'अर्धवट', 'ठोंब्या' हे शब्द शिवी म्हणूनच वापरले जातात, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नाही. प्रश्न येतो तो साध्या वाटणाऱ्या शब्दांचा.

'मतिमंद' हा शब्द अजून कितीतरी शाळांच्या पाट्यांवर आणि जुन्या दाखल्यांवर आहे. संस्थेचं अधिकृत नाव लिहिताना ते आहे तसंच लिहावं लागेल; माणसाबद्दल बोलताना मात्र 'बौद्धिक दिव्यांग' म्हणा. 'गतिमंद' हा सौम्य पर्याय म्हणून आला, पण शिक्का तोच राहिला. डाऊन सिंड्रोम असलेल्याला 'मंगोल' म्हणणं चेहऱ्यावरून आणि वंशावरून ठेवलेलं नाव आहे. ते पूर्ण सोडा. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात, पण माणूस स्वतःतच रमलेला आहे, त्याला दुसऱ्याचं काही नाही, असा गैरसमज त्यातून होतो. 'ऑटिझम' सगळ्यांना कळतो, तोच वापरावा. काही मोठी ऑटिस्टिक माणसं स्वतःला 'ऑटिस्टिक'च म्हणवून घेतात, काहींना 'ऑटिझम असलेला' बरं वाटतं. 'दिव्यांग' हा शब्दही सगळ्यांना आवडतो असं नाही. समोरचा स्वतःसाठी जो शब्द वापरतो, तो आपण वापरायचा.

'सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त', 'ऑटिझमपीडित', 'बिचारा' यांत माणूस सतत दुःखात आहे असं गृहीत धरलेलं असतं. 'सेरेब्रल पाल्सी आहे' एवढं पुरतं. 'नॉर्मल मुलं' ऐवजी 'वर्गातली बाकीची मुलं' म्हणा. आणि 'देवाचं लेकरू' हे मायेने म्हटलं जातं, हे खरं आहे. पण देवाचं लेकरू म्हटलं की त्याला शिकवायचं, शिस्त लावायची, त्याचं मत विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून आमच्या मते तेही टाळावं.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२ नुसार लोकांच्या समोर अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अवमानित केलं किंवा धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

'वय तीस, बुद्धी पाच वर्षांची'

हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं आणि सगळ्यांत जास्त नुकसान हेच करतं. चाचणीत आलेला आकडा (त्याला 'मानसिक वय' म्हणतात) म्हणजे काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं साधारण कोणत्या वयाच्या मुलांसारखी आली, एवढंच. तीस वर्षांच्या माणसाकडे तीस वर्षांचा अनुभव असतो, मोठ्या माणसाचं शरीर असतं, लाज, राग, प्रेम, एकटेपण सगळं असतं. त्याला पाच वर्षांचं समजलं की तीन गोष्टी हमखास घडतात. त्याला शरीराविषयी आणि चांगल्या-वाईट स्पर्शाविषयी काही शिकवलं जात नाही, म्हणून अत्याचार झाला तरी त्याला सांगता येत नाही. त्याच्या हातात पैसे दिले जात नाहीत, म्हणून व्यवहार येत नाही. आणि चारचौघांत त्याला 'बाळ', 'सोन्या' म्हणून गाल ओढले जातात.

मोठ्या माणसाला इथल्या रीतीप्रमाणेच हाक मारा: अण्णा, अक्का, दादा, ताई, किंवा सरळ नाव. अनोळखी असेल तर 'तुम्ही'. शेजारच्या इतर तरुणांना 'अरे-तुरे' करत असाल, तर त्यालाही चालेल. फक्त त्याच्यासाठी वेगळा, लाडिक सूर नको.

मानसिक वयाऐवजी काय सांगायचं? काम आणि मदत. 'दहा आणि वीसच्या नोटा ओळखतो, सुटे किती परत यायचे ते सांगता येत नाही.' 'ओळखीच्या रस्त्याने अशोक चौकापर्यंत एकटा जातो, रस्ता ओलांडताना कुणी सोबत लागतं.'

समोरासमोर बोलताना

आधी बोलायचं ते त्याच्याशी, सोबत आलेल्याशी नंतर. 'मावशी, ह्याला चहा चालतो का?' असं न विचारता त्याच्याकडे बघून 'दादा, चहा घेणार का?' असं विचारा. त्याला बोलता येत नसेल तरी आधी विचारायचं त्यालाच. बोलता न येणं म्हणजे न समजणं नव्हे. सेरेब्रल पाल्सीत कधीकधी तोंडाचे आणि जिभेचे स्नायू साथ देत नाहीत, पण बुद्धी पूर्ण शाबूत असू शकते.

वाक्य लहान ठेवा, पाच-सहा शब्दांचं, आणि त्यात एकच सूचना. 'आत जा, चप्पल काढ, हात धू आणि बस' यात चार कामं आहेत; एक झालं की दुसरं सांगा. 'नीट बस' म्हणजे काय ते कळत नाही, 'पाय खाली ठेव' कळतं. 'पळू नको' पेक्षा 'हळू चाल' बरं, कारण नकारातलं 'नको' निसटलं तर कानावर 'पळू'च उरतं.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो, आधीची जुळणी मोडते. पुन्हा विचारायचंच झालं तर तेच शब्द वापरा.

'हो' लगेच खरं धरू नका. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या पुष्कळ जणांना लहानपणापासून 'हो' म्हटलं की लोक खूश होतात हे शिकवलं गेलेलं असतं. 'पोट दुखतंय का?' 'हो.' 'पोट बरं आहे का?' 'हो.' अशा वेळी उलटा प्रश्न विचारून पाहा, किंवा दाखवायला सांगा: 'दुखतंय तिथे हात ठेव.' ऑटिझममध्ये आणखी एक गोष्ट घडते: शेवटचा शब्द परत म्हटला जातो. 'भात की भाकरी?' 'भाकरी.' पुढच्या वेळी 'भाकरी की भात?' विचारा, उत्तर 'भात' आलं तर ती निवड नाही, प्रतिध्वनी आहे. मग दोन्ही ताटात ठेवून समोर धरा आणि तो कशाकडे हात नेतो, कशाकडे बघतो ते पाहा.

चित्रांचा खूप उपयोग होतो. सुरुवात दोन-तीन चित्रांनीच करा: पाणी, शौचालय, 'पुरे'. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे पुठ्ठे, एका पुठ्ठ्यावर एकच चित्र, शक्यतो घरातल्याच तांब्याचा, घरातल्याच संडासाच्या दाराचा फोटो. नेहमी चुकतं ते हे: पहिल्याच आठवड्यात वीस चित्रं भिंतीवर चिकटवली जातात, आणि चित्र दाखवल्यावर ती वस्तू लगेच दिली जात नाही. चित्र दिलं की पाणी मिळालं, हा संबंध बसेपर्यंत दुसरं काही वाढवू नका. चित्र वापरल्याने बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे.

सोलापुरात आणखी एक प्रश्न नेहमी येतो. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू, इतरत्र कन्नड किंवा उर्दू, आणि शाळेत मराठी. मूल उशिरा बोलायला लागलं की 'घरात एकच भाषा बोला' असा सल्ला दिला जातो. दोन भाषांमुळे विकासात्मक दिव्यांगत्व येत नाही आणि वाढतही नाही. घरची भाषा बंद केली की आजीचं, आईचं बोलणं तुटतं आणि मुलाशी होणारा संवादच कमी होतो. घरची भाषा घरात राहू द्या. चित्रं आणि खुणा मात्र घरी आणि शाळेत त्याच ठेवा.

हात लावण्याआधी विचारा. व्हीलचेअर न विचारता ढकलणं, पाठीमागून हात धरून ओढणं यामुळे स्नायू एकदम ताठतात, माणूस घाबरतो. 'रस्ता ओलांडायचाय, हात धरू का?' आणि उत्तराची वाट.

मदतीचा कागद

लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. एका पानाचा कागद, पुढच्याच बाजूला, मोठ्या अक्षरात. शाळेत, दवाखान्यात, नातेवाइकांकडे राहायला जाताना, रिक्षावाल्या काकांकडेही एक प्रत.

पहिली पायरी म्हणजे सात दिवस नुसतं बघणं. उठणं, शौच, आंघोळ, कपडे, खाणं, बोलणं, बाहेर जाणं, झोप: प्रत्येक कामापुढे काय स्वतः होतं आणि कुठे अडतं ते लिहा. एका दिवसावरून लिहू नका. आजारपणाचा किंवा पाहुण्यांचा दिवस वेगळा असतो.

दुसरी पायरी: काम तोडून बघा. 'कपडे घालता येत नाहीत' हे फार ढोबळ. शर्टात हात घालतो, पुढे ओढतो, बटणं लावता येत नाहीत, तेवढंच. मग बटणाऐवजी वेल्क्रो लावला की ते काम पूर्ण त्याचं होतं.

तिसरी पायरी: मदतीचा प्रकार लिहा. नुसती आठवण पुरते, की करून दाखवावं लागतं, की हात धरून, की पूर्णपणे दुसऱ्याने करायचं? आणि किती वेळा: कधीतरी, ठरावीक काळापुरती, रोज काही कामांत, की दिवसरात्र. 'सौम्य', 'तीव्र' हे शब्द दाखल्यावर असतात. पण सौम्य लिहिलेल्या माणसाला बँकेत पूर्ण मदत लागू शकते आणि तीव्र लिहिलेला स्वतःच्या हाताने जेवू शकतो.

चौथी पायरी, आणि बहुतेक कागदांत हीच राहते: माणसाला स्वतःला विचारा. काय आवडतं, काय नको, कुणाची मदत चालते. मोठ्या मुलीला आंघोळीला काकाने मदत केलेली नको असेल, तर ते कागदावर हवं. बोलता येत नसेल तर चेहरा, हातवारे, टाळणं यांतून जे कळतं ते लिहा.

भरलेला कागद साधारण असा दिसतो:

नाव, आणि हाक कशी मारायची.
मला आवडतं: रेल्वे बघणं, ताक, गाणी हळू आवाजात.
मी असं बोलतो: चार-पाच शब्द, 'हो' साठी मान, 'नको' साठी तोंड फिरवतो.
मला जमतं: जेवण, हात धुणं, ओळखीच्या दुकानातून दूध आणणं.
मला मदत हवी: बटणं (हात धरून), औषध (आठवण, सकाळी आणि रात्री), रस्ता (हात धरून, नेहमी).
मला त्रास होतो: शिट्टी, फटाके, डोक्याला अचानक हात.
त्रास झाला की मी असं करतो: कान झाकतो, नंतर हात चावतो.
तेव्हा हे करा: आवाजापासून दूर न्या, बोलू नका, पाण्याची बाटली समोर ठेवा.
औषधं, ॲलर्जी, फिट येते का, घरच्यांचे दोन फोन नंबर.

दिव्यांगत्वाचं नाव सगळ्यांत खाली, एका ओळीत. वर लिहिलं की वाचणारा पुढचं वाचत नाही. लाज वाटावी असा तपशील, जसं पाळी किंवा शौचाचे अपघात, रिक्षावाल्यांच्या प्रतीत नको. शाळेच्या प्रतीत बंद पाकिटात. दर सहा महिन्यांनी आणि शाळा किंवा औषध बदललं की कागद नव्याने लिहा. दोन वर्षांपूर्वीचा कागद असेल तर त्याला जे आता येतं तेही लोक त्याच्यासाठी करत बसतात, आणि शिकलेलं जातं.

जेवताना

सेरेब्रल पाल्सी असलेल्या काहींना गिळायला त्रास होतो आणि आपल्याकडची कडक भाकरी व शेंगाची चटणी ही दोन्ही त्यांच्यासाठी सगळ्यांत अवघड. कोरडे तुकडे आणि दाण्याचा भरडा घशात विखुरतो, श्वासनलिकेत जातो. भाकरी डाळीत किंवा ताकात पूर्ण भिजवून कुस्करा; चटणी दह्यात एकजीव होईल इतकी बारीक करा, किंवा सोडून द्या. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने उभं न राहता समोर, डोळ्याच्या पातळीला बसायचं. वरून भरवलं की मान मागे जाते आणि घास चुकीच्या वाटेने जातो. चमचा उथळ, घास छोटा, आधीचा गिळल्याचं दिसलं की पुढचा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. दर जेवणाला खोकला, आवाज ओला घरघरता होणं, वारंवार न्यूमोनिया ही चिन्हं दिसली तर गिळण्याची तपासणी करून घ्या. घरगुती उपायांवर थांबू नका.

गड्डा, लग्न आणि इतर गर्दी

सोलापूरच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, सात नंदीध्वज, हलग्या, 'हर्र' चा गजर, होम मैदानावरचं दारूकाम. ज्याला आवाज आणि उजेड जास्त तीव्रतेने जाणवतो, अशा ऑटिस्टिक व्यक्तीला हे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून घरीच ठेवायचं का? तसं नाही. सकाळी, गर्दी नसताना न्या. जाण्याआधी दोन दिवस फोटो दाखवा, कुठून आत जायचं, काय बघायचं, किती वेळ, हे क्रमाने. पहिल्या वेळी वीस मिनिटं पुरेत. तो कंटाळण्याआधी परत फिरा, म्हणजे पुढच्या वेळी यायला तयार होतो. कान झाकणारे हेडफोन सोबत ठेवा आणि घरी आधी सवय करा, नाहीतर तिथे तो ते फेकून देईल. बाहेर पडायची वाट आधीच ठरवा. खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

तरीही तो कोसळला, म्हणजे किंचाळणं, आपटणं, लोळणं सुरू झालं, तर तो हट्ट नाही. हट्टात मूल 'मिळतंय का' ते अधूनमधून बघतं; इथे त्याचा स्वतःवर ताबाच राहिलेला नसतो. समजावणं, ओरडणं, मिठी मारून दाबणं यांनी भर पडते. लोकांना बाजूला करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, आवाज-उजेड कमी करा, एकानेच जवळ राहा आणि गप्प राहा. शांत झाल्यावर पाणी द्या. त्या दिवशी त्याबद्दल रागावू नका. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला हात जोडून थांबवा.

शांत माणूस अचानक मारायला, डोकं आपटायला लागला तर स्वभाव बिघडला असं समजण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठता, पाळीचं दुखणं, नवं औषध हे क्रमाने तपासा. सांगता न येणाऱ्या माणसाचं दुखणं बहुधा असंच बाहेर पडतं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, वेळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन.

दाखला आणि अठरावं वर्ष

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांग व्यक्तींच्या ओळखपत्राच्या) सरकारी संकेतस्थळावर अर्ज होतो आणि नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तपासणीला जाताना मदतीचा कागद, शाळेचे निकाल, जुने रिपोर्ट सोबत न्या. परक्या खोलीत मूल गप्प बसतं किंवा रडतं आणि जे घरी करतं ते दाखवत नाही, म्हणून घरचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. बहुतेक सवलतींना दाखल्यावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दहावी-बारावीला जास्तीचा वेळ, तासाला २० मिनिटं, आणि लेखनिक मिळतो. त्याची मागणी शाळेमार्फत परीक्षेच्या फॉर्मबरोबरच करायची असते. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग होत नाही. रेल्वेत एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला स्लीपर व थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे.

अठरा पूर्ण झाली की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. पण अर्ज करण्याआधी थांबून विचार करा: त्याला सगळ्याच निर्णयांत पालक लागतो का? पैसे कुठे खर्च करायचे ते समजावून सांगितल्यावर तो ठरवू शकत असेल, सही किंवा अंगठा देऊ शकत असेल, तर खातं त्याच्याच नावावर राहू द्या. २०१६ च्या कायद्यातलं कलम १४ ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, त्याच्याशी सल्लामसलत करून चालवायचं मर्यादित पालकत्वही मान्य करतं. समितीपुढे किंवा कोर्टात जाताना कोणत्या निर्णयासाठी मदत हवी आणि कोणता तो स्वतः घेतो, याची दोन रकान्यांची यादी मदतीच्या कागदाला जोडा, आणि अधिकारी प्रश्न विचारतील तेव्हा पहिलं उत्तर त्याला देऊ द्या.